पुड्याची मागची बाजू

आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज. पूर्वी शहाळी, मोसंबी जायची. आता इस्पितळाच्या दारातल्या दुकानातून बिस्किटांचे पुडे जातात आणि दोन दिवसांत खाटेशेजारच्या कपाटावर त्यांची चळत उभी राहते. रुग्ण मधुमेही असेल तर नेणारा त्यातल्या त्यात ‘मारी’ किंवा ‘डायजेस्टिव्ह’ निवडतो. भूक नाही म्हणणारी आजी, ताप उतरलेलं पोर, उपाशीपोटी गोळी घ्यायची नाही म्हणून काहीतरी हवं असलेला कुणीही, सगळ्यांना आपण तेच पुढे करतो. दोन बिस्किटं खा, पोटाला आधार. वडापाव खाणाऱ्याला घरात चार जण टोकतात. बिस्किट खाणाऱ्याला कुणी टोकत नाही.

त्या चळतीतला एखादा पुडा उचलून उलटा करावा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायची, असा आपल्याकडे कायदा आहे. जे सगळ्यांत जास्त ते पहिलं. साध्या गोड बिस्किटांच्या यादीत पहिल्या तीन जागा बहुधा ठरलेल्या असतात: मैदा, साखर, पामतेल. मारीसारख्या ‘साध्या’ बिस्किटातही १०० ग्रॅममागे वीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे चहाबरोबर सहा बिस्किटं खाल्ली की दीड चमचा साखर पोटात गेली; चहातली वेगळी. मैदा, साखर आणि मोहन एकत्र मळून घरी जे होतं त्याला आपण शंकरपाळे म्हणतो. शंकरपाळ्यांचा डबा घेऊन कुणी आजाऱ्याला भेटायला जात नाही.

सहा बिस्किटांनी कुणाचं काही बिघडत नाही. बिस्किट वाईट की चांगलं, यापेक्षा निराळा प्रश्न मला विचारावासा वाटतो. सणाचा खाऊ असलेला पदार्थ पथ्याच्या ताटात जाऊन बसला, तो कुणी बसवला? आणि तसं बसवणाऱ्या पुड्यावर खरं काय ते ठळक अक्षरांत सांगायची जबाबदारी कुणाची?

वाळवणाची गच्ची

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘प्रक्रिया केलेलं अन्न’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कारखाना येतो. पण मराठी स्वयंपाकघर प्रक्रियेवरच उभं आहे. पोहे म्हणजे भात भिजवून, भाजून, कुटून चपटा केलेला तांदूळ. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक गाळून घ्यायचा, तो निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं, मग शिजवून सोऱ्यानं गच्चीवरच्या कापडावर पाडायचा. नाचणीचं सत्त्व याच जातीचं काम. सांडगे, पापड, मेतकूट, भाजणी, लोणचं, दही, सगळी प्रक्रियाच.

या प्रक्रियांचा हेतू उघड होता. पावसाळ्यात भाजी मिळणार नाही, तेव्हा उन्हाळ्यातच बेगमी करून ठेवायची. कच्चं पचत नाही ते पचेल असं करायचं. आणि दुसरंही एक होतं: हे सगळं करण्यात बायकांचे उन्हाळे जात. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून ‘लिज्जत’ उभं राहिलं, तेव्हा घरातलं ते काम मजुरीचं झालं. आज बचत गटाची भाजणी, दुकानातलं इडलीचं पीठ, कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातल्या पोळ्या घेणाऱ्या बाईला ‘पूर्वीच्या बायका घरी करायच्या’ असं सुनावण्यात काही अर्थ नाही. तिला कामावरून यायला आठ वाजतात, आणि पूर्वीच्या बायकांना कुणी विचारलं नव्हतं.

घरचं म्हणून सगळं निर्दोषही नसतं. पापडखार आणि मीठ घातलेला पापड रक्तदाबाला घरगुती आहे म्हणून सूट देत नाही. चकली तुपात तळा की तेलात, तिचे उष्मांक घरी कमी होत नाहीत. तेव्हा रेघ घर आणि कारखाना यांच्यामध्ये ओढून भागणार नाही.

ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेरो यांनी २००९ साली ती रेघ वेगळ्या जागी ओढली. त्यांनी अन्नाचे चार गट केले. पहिल्यात धान्य, भाजी, दूध, अंडी. दुसऱ्यात तेल, मीठ, साखर, तूप. तिसऱ्यात या दोहोंपासून केलेले साधे टिकाऊ पदार्थ, म्हणजे आपलं लोणचं, पनीर. चौथ्या गटाला त्यांनी अतिप्रक्रियित म्हटलं: धान्यातून किंवा तेलबीतून वेगळे काढलेले अंश, त्यांत स्वाद, रंग, पायसीकारक, गोडी वाढवणारी द्रव्यं मिसळून केलेली, घरच्या ओट्यावर करताच येणार नाहीत अशी उत्पादनं. हे वर्गीकरण ‘नोव्हा’ नावानं जगभर गेलं.

त्यावर आक्षेपही आहेत, आणि ते खोटे नाहीत. या चौथ्या पेटीत सोडायुक्त शीतपेय आणि अख्ख्या गव्हाचा पाकीटबंद ब्रेड शेजारी शेजारी बसतात. आपल्याकडे तर घोटाळा आणखी वाढतो. हलवायाची जिलबी तिसऱ्या गटात आणि कारखान्यातलं फळांच्या स्वादाचं दही चौथ्यात. पण या वर्गीकरणानं एक महत्त्वाचा प्रश्न पुढे आणला, जो नुसतं साखर-मीठ-तेल मोजून सुचला नव्हता. पदार्थ टिकावा म्हणून प्रक्रिया केली आहे, की तो थांबता न येता खाल्ला जावा म्हणून?

वीस माणसं, चार आठवडे

या प्रश्नाचं थोडंफार उत्तर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतून आलं. केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस धडधाकट स्त्री-पुरुषांना चार आठवडे संस्थेतच ठेवून घेतलं. दोन आठवडे अतिप्रक्रियित अन्न, दोन आठवडे साधं. समोर येणाऱ्या दोन्ही प्रकारच्या ताटांत उष्मांक, साखर, चरबी, चोथा आणि सोडियम सारखंच राहील, असं बेतलं होतं. खायचं किती, हे ज्याच्या त्याच्या भुकेवर सोडलं.

अतिप्रक्रियित अन्नाच्या दोन आठवड्यांत हीच माणसं दिवसाला सरासरी पाचशे उष्मांक जास्त खाऊ लागली. वजन सुमारे ०.९ किलोनं वाढलं. साध्या अन्नावर आली तशी तेवढंच उतरलं. आवडीनिवडीत लोकांनी मोठा फरक सांगितला नाही. खाण्याचा वेग मात्र वेगळा होता. मऊ, चावायला न लागणारं अन्न झपाझप पोटात जात होतं आणि पोट भरल्याची वर्दी मागून येत होती.

प्रयोग लहान होता आणि मुक्कामही थोडका, त्यामुळे त्यावरून आयुष्यभराचा हिशेब मांडता येत नाही. पण दुपारच्या चहाला वेफरचं पाकीट उघडून ‘चारच’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट प्रयोगाशिवायही ठाऊक आहे. ज्वारीची तिसरी भाकरी खाताना हात आपोआप आखडतो. पाकिटात तो तळाशी जाऊन थांबतो.

पुढची बाजू काय म्हणते

पुड्याच्या पुढच्या बाजूवर गव्हाची ओंबी असते, दुधाचा पेला असतो, उड्या मारणारं मूल असतं. मागच्या बाजूवर कोष्टक असतं. दोघांची भेट क्वचितच होते.

ती एकदा झाली, एप्रिल २०२३ मध्ये. रेवंत हिमतसिंगका या तरुणानं बोर्नव्हिटाच्या बरणीमागचे आकडे कॅमेऱ्यापुढे वाचून दाखवले. १०० ग्रॅमला ३७.४ ग्रॅम जादा घातलेली साखर. कंपनीची कायदेशीर नोटीस आली, त्यानं चित्रफीत काढून टाकली. पण तोवर ती घरोघरी पोचली होती. बालहक्क संरक्षण आयोगानं कंपनीकडे विचारणा केली. त्याच वर्षाच्या अखेरीस साखर ३२.२ ग्रॅमवर आली. एप्रिल २०२४ मध्ये सरकारनं ऑनलाइन दुकानांना सांगितलं की अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली विकू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात तसा प्रकारच नाही. म्हणजे परीक्षेच्या दिवसांत आयांनी ज्या विश्वासानं दुधात दोन-दोन चमचे ढवळले, त्या प्रकाराची कायद्यात व्याख्याच नव्हती.

त्याच महिन्यात ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेनं दाखवून दिलं की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वाढपाला सरासरी २.७ ग्रॅम साखर घातलेली असते, आणि ब्रिटन-जर्मनीत तेच अन्न जादा साखरेविना विकलं जातं. भारतातलं प्रमाण कायद्याच्या मर्यादेत होतं. मर्यादाच तशी होती. कंपनीनं मागच्या पाच वर्षांत साखर ३० टक्क्यांपर्यंत कमी केल्याचं सांगितलं आणि पुढे साखर न घातलेले प्रकारही बाजारात आणले. जे करता येतं ते आधी का केलं नव्हतं, हा प्रश्न तसाच उरला.

जून २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं रसाच्या खोक्यांवरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला लावला, कारण तो रस आटवून घट्ट केलेला आणि पुन्हा पाणी घालून पातळ केलेला होता. फळांची ‘पेयं’ आणखी वेगळी. त्यांत सर्वसाधारणपणे दहा टक्के रस असला तरी नियमात बसतं. देवगड-रत्नागिरीत आमरसात पाणी घातलं तर पाहुणा पानावरून उठेल.

‘मल्टिग्रेन’, ‘नाचणीयुक्त’, ‘ओट्सवालं’ या शब्दांसाठी मात्र कायद्यात एक उपयोगी कलम आहे. ज्या घटकाचा पुढच्या बाजूवर डंका पिटला, त्याची टक्केवारी यादीत द्यावीच लागते. तेव्हा नाचणीचं बिस्किट घेताना यादीत नाचणीपुढचा आकडा शोधावा. कधी तो समाधानकारक असतो, कधी एक आकडी निघतो आणि नाचणीच्या आधी मैदा, साखर, तेल आरामात बसलेले दिसतात. आइस्क्रीमच्या शीतकपाटातही तेच. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलं की त्याला ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणावं लागतं. शब्द डब्यावर असतो, पण आपण मागताना ‘आइस्क्रीम द्या’ म्हणतो आणि दुकानदार देतो.

भलत्याच आकड्यांची भीती

गंमत अशी, की पुडा उलटा करून वाचणारे जे थोडे आहेत ते पुष्कळदा चुकीच्या ठिकाणी दचकतात. यादीच्या शेवटी येणारे ३२२, ५००, ३३० असे आकडे पाहून ‘केमिकल, केमिकल’ म्हणून पुडा खाली ठेवतात. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, आपलं लिंबूसत्त्व. ५०० मालिकेतला सोडा ढोकळ्यातही असतो. ३२२ हे लेसिथिन, बहुधा सोयाबीनमधून काढलेलं. ४१२ म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक.

२०१५ साली मॅगीवर देशभर बंदी आली, तेव्हा सगळी चर्चा शिसं आणि एमएसजीवर झाली. ५ जूनला बंदी. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा तपासणी करायला सांगितलं. नोव्हेंबरात नूडल्स पुन्हा दुकानात. त्यात शिसं मर्यादेतच आहे, हे ऐकून आपण सुटकेचा निःश्वास टाकला. पण शिसं मर्यादेत असलेला पदार्थ पौष्टिक असतोच, असं न्यायालयानं म्हटलं नव्हतं. कुठल्याही झटपट नूडल्सच्या एका पुड्यात दिवसभराच्या सोडियमचा तिसरा हिस्सा सहज निघतो. दिवसाला सोडियम २ ग्रॅम, म्हणजे मीठ ५ ग्रॅम, ही आपल्या लेबलांवर गृहीत धरलेली मर्यादा. त्यात आमटी, भाजी, लोणचं, पापड सगळं यायचं आहे.

भेसळ, विष, कर्करोग या शब्दांनी आपण जागे होतो. साखर, मीठ, तेल हे आपले घरचेच असल्यामुळे त्यांच्याकडे कुणी वळून पाहत नाही. धोका बव्हंशी तिथंच आहे, आणि तो हळूहळू येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याला एकटा पुडा जबाबदार नाही. बैठं काम, पांढऱ्या भाताचे ढीग, तुटलेली झोप, सगळ्यांचा वाटा आहे. पण पुडा निर्दोष ठरवून चालणार नाही.

वाचायचं कुणी?

‘लेबल वाचा’ हा सल्ला आता सगळेच देतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये काढलेल्या आहार-मार्गदर्शिकेतही तो आहे, आणि योग्यच आहे. पण हा सल्ला पाळायला काय लागतं ते पाहू.

नियमानुसार लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की पुरे. मराठी ऐच्छिक. अक्षरं इतकी बारीक की चष्मा लागतोच. आकडे १०० ग्रॅममागे, पुडा ६७ ग्रॅमचा, ‘वाढप’ २० ग्रॅमचं. तेव्हा त्रैराशिक यायला हवं. सोडियमचं मीठ करायचं तर अडीचनं गुणायचं. साखर कधी साखर म्हणून येते, कधी इन्व्हर्ट सिरप, कधी लिक्विड ग्लुकोज म्हणून. शेतावरून येताना पोरासाठी टपरीवर टांगलेल्या माळेतून पाच रुपयांचं पाकीट तोडून घेणाऱ्या माणसाकडून आपण ही अपेक्षा करतो आहोत.

आणि सगळ्यांत छोट्या वेष्टनांना तर बोलण्याची सक्तीच नाही. वेष्टनाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल, तर घटकांची यादी आणि पोषणाचं कोष्टक छापण्यापासून सूट आहे. ती माहिती बाहेरच्या मोठ्या खोक्यावर असली की झालं. ते खोकं दुकानदार फोडतो आणि रद्दीत टाकतो. म्हणजे ज्याच्या खिशात सगळ्यांत कमी पैसे, त्याच्या हातात सगळ्यांत मुका पुडा.

डालड्याचा धडा

पुड्यातलं खरं दुखणं नजरेआड राहण्याची ही गोष्ट पूर्वी एकदा घडून गेलेली आहे. १९३७ साली डालडा बाजारात आलं. मुंबईत शिवडीला कारखाना, पिवळा डबा, वर हिरवं माडाचं झाड. तेलात हायड्रोजन सोडून ते तुपासारखं घट्ट करायचं. तूप परवडत नाही त्यांच्या घरी पुरणपोळी आणि करंजी त्यानं शक्य केली, हे विसरता येत नाही. डालडा तूप म्हणून कुणी खपवू नये यासाठी त्यात पाच टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती झाली, कारण तिळाचं तेल साध्या रासायनिक चाचणीत पकडता येतं. वनस्पती तुपात जीवनसत्त्व ‘अ’ घालणंही सक्तीचं झालं. भेसळीचा बंदोबस्त झाला, जीवनसत्त्वाचा झाला. डब्यातल्या खऱ्या दुखण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

ते दुखणं १९९० साली नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि काटान यांच्या प्रयोगानं उघड केलं. अशा घट्ट केलेल्या तेलातले ट्रान्स मेद वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगलं उतरवतात. त्यानंतरही आपल्या बेकऱ्यांतली खारी, नानकटाई, पफ वनस्पतीतच होत राहिले. गृहिणी जागरूक झाल्या म्हणून ते थांबलं का? खारी सुटी मिळते. तिच्यावर वाचण्यासारखं काही नसतंच. थांबलं ते कायद्यानं. जानेवारी २०२१ पासून तेल आणि मेदांत ट्रान्स मेदाची मर्यादा ३ टक्के, जानेवारी २०२२ पासून २ टक्के. बदल तेलाच्या कारखान्यात झाला आणि खारी खाणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नाही. त्याला काही वाचावं लागलं नाही, त्रैराशिक मांडावं लागलं नाही.

साखर-मिठाच्या बाबतीत इतकी सरळ बंदी घालता येणार नाही, कारण ते ट्रान्स मेदासारखे निव्वळ उपद्रवी नाहीत. पण मधला मार्ग दुसऱ्यांनी चालून दाखवला आहे. चिलीनं २०१६ पासून जास्त साखर, मीठ, संपृक्त मेद किंवा उष्मांक असलेल्या पुड्यांच्या पुढच्या बाजूवर काळा अष्टकोन छापायला लावला. अशा पुड्यांवरून मुलांना भुलवणारी कार्टूनं काढायला लावली. अष्टकोन लागलेल्या पेयांची खरेदी त्यानंतर सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचं अभ्यासात आढळलं. काळं चिन्ह नको म्हणून कंपन्यांनी आपल्या कृतीतही बदल केले. अष्टकोन वाचायला चष्मा लागत नाही, इंग्रजीही लागत नाही.

आपल्याकडे सप्टेंबर २०२२ मध्ये मसुदा निघाला तो ताऱ्यांचा. पुड्याला अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे. इशारा आणि शाबासकी यांतला फरक लहान मुलालाही कळतो. दीड तारा हाही ताराच असतो. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुढच्या बाजूवरच्या या लेबलांबाबत तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं, मग ती मुदतही वाढवावी लागली. त्याच वर्षी जानेवारीतल्या आर्थिक पाहणी अहवालानं अतिप्रक्रियित अन्नावर जास्त कर लावण्याचा विचार मांडला होता. २२ सप्टेंबरपासून बिस्किटं, नमकीन, झटपट नूडल्स, चॉकलेट यांवरचा जीएसटी उतरून ५ टक्के झाला. सोड्याच्या शीतपेयांवर तेवढा ४० टक्के लागला. महागाईनं पिचलेल्या घराला हा दिलासा होता, यात वाद नाही. फक्त पाहणी अहवाल लिहिणारं सरकार हा कर ठरवणाऱ्या परिषदेतही बसतं, याची नोंद करायला हवी.

तोवर घरात काय करायचं? फार काही नाही. यादीतले पहिले तीन घटक पाहावेत; त्यांत साखर किंवा तेल असेल तर तो पदार्थ खाऊ समजावा, जेवण किंवा पथ्य नव्हे. खाऊ खायला हरकत नाही, सणावारी तर मुळीच नाही. आजाऱ्याला भेटायला जाताना फळं न्यावीत, आणि जवळ राहणारे असाल तर मऊ भात नि वरणाचा डबा. मुलाच्या दुधात पावडर घालायची असेलच, तर वरून साखर घालू नये.

पण एवढं केल्यानं आपलं घर सुधारेल, टपरीवरची माळ तशीच राहील. म्हणून खरी मागणी तीन ओळींची आहे. इशारा पुढच्या बाजूवर, चिन्हात. मजकूर ज्या राज्यात पुडा विकला जातो त्या राज्याच्या भाषेतही. आणि शंभर चौरस सेंटिमीटरची सूट रद्द. यादी मावत नसेल तर निदान चिन्ह तरी छापाच. दुकानाच्या पाटीवर मराठी हवी म्हणून आपण किती रान उठवलं. आपल्या मुलांच्या पोटात जाणाऱ्या गोष्टीवर ती असावी, यासाठी अजून एकही मोर्चा माझ्या पाहण्यात नाही.